खिडकीची फळी: घासण्याआधी पाणी शोधा

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत, चाळींत, पार्ल्याच्या उरल्यासुरल्या बंगल्यांत लाकडी खिडक्या अजून टिकून आहेत. या खिडक्यांचा सगळ्यात आधी खराब होणारा भाग म्हणजे खालची आडवी फळी. वरची आणि बाजूची चौकट पन्नास वर्षांनीही ठणठणीत असते, पण खालच्या फळीचा रंग दर दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटतो. मग रंगारी बोलावला जातो, तो दोन हात मारतो, आणि पुढच्या गणपतीपर्यंत पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. फळीत पाणी शिरत असतं आणि ते कुठून शिरतंय हे कोणी पाहिलेलं नसतं.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्यालाही हे काम जमतं. एका चार फुटी खिडकीला प्रत्यक्ष हात चालतो पाच-सहा तास, पण वाळण्याचा वेळ धरून आठवडा मोडतो. एका वेळी एकच खिडकी काढा. चारही खिडक्या एकदम उघड्यावाघड्या पडल्या की घाई होते, आणि रंगकामात घाई पुढच्या पावसात दिसते.

केव्हा काढायचं

हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या आसपास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत लाकडाने पाणी प्यायलेलं असतं. पाऊस थांबला म्हणून लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. ऑक्टोबर हीटला लाकूड सुकवू द्या, काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीपर्यंत संपवा. मे महिन्यात ऊन कडक असतं, पण हवेत दमटपणा इतका असतो की रंग वाळायला वेळ घेतो, आणि वळवाची एक सर अस्तर (रंगाआधी द्यायचा प्रायमर) ओलं करून जाते.

लाकूड आतून सुकलंय का, हे हात लावून कळत नाही. जिथला रंग सुटलाय तिथे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी टेप लावा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून आठ-दहा दिवस थांबा. ओल्या लाकडावर मारलेला रंग पहिल्या कडक उन्हात फुगे धरतो, कारण आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि वर रंगाची बंद पापडी असते.

फळी कसली आहे?

जुन्या बांधकामात ती बहुधा सागवानाची असते. कोपऱ्यात नखाएवढी जागा पात्याने खरवडून बघा. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास आला तर सागवान समजा. अशी फळी वरून कितीही काळवंडली असली तरी बदलायची घाई करू नका. आज त्या प्रतीचं जुनं लाकूड मिळवायचं तर ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात किंवा रे रोडच्या लाकूडवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं.

नव्या फ्लॅटमधल्या सजावटीत मात्र अनेकदा प्लायवुडवर सागवानाचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यावर ८० नंबरचा खरखरीत पेपर (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) किंवा मशीन चालवलं की मिनिटभरात खालचं प्लाय उघडं पडतं आणि ते परत झाकता येत नाही. फळीच्या कडेला थर दिसले तर २२० नंबरने फक्त जुनी चमक मारा आणि वरून नवा हात द्या. त्यापुढे जाऊ नका.

पाणी कुठून येतं

बादलीभर पाणी घ्या, खिडकीच्या बाहेरच्या बाजूने मगाने हळूहळू ओता आणि बघत बसा. हा अर्धा तास पुढचे सगळे तास वाचवतो. नेहमीचे गुन्हेगार असे:

उतार नसणं किंवा उलटा असणं. फळीचा बाहेरचा भाग बाहेरच्या दिशेने उतरता हवा, दर दहा सेंटिमीटरला साधारण एक सेंटिमीटर. इमारत खचली, फळी पिळली किंवा मागच्या रंगाऱ्याने लांबीचे (खड्डे बुजवायच्या लगद्याचे) थर चढवले की पाणी आतल्या अंगाला साचतं.

भिंत आणि फळी यांच्यातली फट. इथलं प्लास्टर नेहमी सुटतं, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि सिमेंट जागचं हलत नाही.

फळीखालची खाच. बाहेर आलेल्या भागाच्या खाली पेन्सिल मावेल एवढी आडवी खाच असते. पाण्याचा थेंब तिथे अडतो आणि खाली पडतो. रंगाच्या थरांनी ती बुजलेली असली की थेंब खालच्या अंगाने सरपटत भिंतीत जातो. खाच खिळ्याने कोरून मोकळी करा. पुन्हा रंगवतानाही तिच्यात रंग भरू नका.

वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी, आणि स्वतःच्याच कुंड्या. एसीचं पाणी दिवसभर एकाच जागी टपकतं, तिथे कुठलाही रंग टिकत नाही. आधी वरच्यांशी बोलून पाइप वळवून घ्या. कुंडीखाली बशी असली तरी बशीच्या खाली ओल राहतेच. कुंडी छोट्या पायांच्या स्टँडवर ठेवा.

आणि गज. चाळीच्या खिडकीला उभे लोखंडी गज असतात आणि ते फळीत भोक पाडून बसवलेले असतात. जवळून बघितलं तर प्रत्येक गजाच्या बुडाशी गंजाचं कडं दिसेल, त्याभोवती लाकूड काळं पडलेलं आणि गज व भोक यांच्यात केसाएवढी फट. पाऊस गजावरून ओघळतो आणि थेट त्या फटीत उतरतो. लोखंड गंजून फुगतं, भोक आणखी रुंद होतं, पुढच्या वर्षी पाणी जास्त शिरतं. फळी पोखरायला सुरुवात बहुतेक इथूनच होते, आणि रंगारी नेमका याच जागेवरून ब्रश भर्रकन फिरवून पुढे जातो.

सामान

चार फूट लांब आणि नऊ इंच रुंद फळीचा वरचा भाग तीन चौरस फूट होतो. कडा धरून चार समजा. अशा चार खिडक्यांना १६ चौरस फूट. ऑइल पेंट एका हाताला लिटरमागे १०० चौरस फूट सहज जातो, म्हणजे दोन हातांना अर्ध्या लिटरचा डबा भरपूर झाला. अस्तराला २०० मिलिलिटर पुरतं. दुकानदार लिटरचा डबा पुढे करेल. उरलेला रंग वर्षभरात साय धरतो, तेव्हा छोटाच घ्या.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचा. दर फळीला ८० नंबरचे दोन कागद लागतात, कारण जुना रंग कागदात लगेच भरतो; बाकीचे एक-एक पुरतात. शिवाय लाकडाचा हातात मावेल असा ठोकळा, दोन इंची ब्रश, रंगाऱ्याची पत्री (रंग खरवडायचं पातं), रुंद पटाशी, इपॉक्सी पुट्टी (एम-सील वगैरे), लाकडाला लावायचं वाळवी-प्रतिबंधक, रंग पातळ करायला मिनरल टर्पेंटाइन, लोखंडासाठी थोडा रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर), रबरी हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. मशीन हवंच असेल तर १२५ मिलिमीटरचा गोल फिरणारा सँडर भाड्याने घ्या किंवा नागदेवी स्ट्रीटच्या अवजारांच्या बाजारात जाऊन बघा. ग्राइंडरला पेपरची चकती लावून फळीवर चालवणारे सुतार भेटतील. त्यांना नम्रपणे नको म्हणा. ग्राइंडर एका सेकंदात खड्डा पाडतो आणि तो खड्डा पाणी धरतो.

जुना रंग काढताना

आधी कबुतरांची घाण. ती कोरडी कधीच खरवडू नका; तिची धूळ फुप्फुसाला बाधते. पाणी शिंपडून दहा मिनिटं मुरू द्या, मग पत्रीने काढून पिशवीत भरा.

नंतरचा मुद्दा त्याहून गंभीर. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. जुन्या चाळीत हिरव्या रंगाच्या खिडक्या किती आहेत ते आठवून बघा. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाण्याचा फवारा मारत पत्रीने ओलाच खरवडायचा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं, घरातली मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. कचरा पिशवीत बांधा. झाडूने उडवू नका, खिडकीतून खाली तर मुळीच लोटू नका. खालच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असतात. काम संपल्यावर जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसा. उघडी ज्योत फिरवून रंग जाळण्याची जुनी पद्धत याच कारणाने सोडून द्या, शिवाय तिने काचही तडकते.

सगळा रंग काढायलाच हवा असं नाही. ब्लेडने रंगावर फुलीसारख्या दोन चिरा पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला तर सगळा काढा. जागचा हलला नाही तर फक्त सुटलेला भाग काढून उरलेल्या रंगाच्या कडा ओल्या पेपरने घासून उतरत्या करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये, नाहीतर नव्या रंगातून ती दिसत राहते. लाकडाचीच चमक ठेवायची असेल तर मात्र सगळं काढण्याला पर्याय नाही. तिथे जेलसारखा पेंट रिमूव्हर उपयोगी पडतो: जाड थर लावा, दहा-पंधरा मिनिटांनी रंग सुरकुतला की पत्रीने ओढा. खिडक्या-दारं उघडी आणि हातात जाड मोजे हवेत. कातडीला लागलं तर जाळतं.

घासणं

लाकूड उघडं झालं आणि पाणी सुकलं की ८० नंबरपासून सुरुवात. कागद ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषा खोल जातात आणि कडक रेषा उंच राहतात, फळी लाटालाटांची होते. हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीने. आडवे ओरखडे उघड्या लाकडावर फारसे दिसत नाहीत, पण पॉलिशचा पहिला हात मारताच एक-एक उठून येतो.

नंबर गाळू नका. ८० नंबरचे ओरखडे २२० ने जात नाहीत, ते १२० ने घालवायचे, १२० चे १८० ने. प्रत्येक टप्प्यानंतर ब्रशने धूळ झटका आणि तिरपा टॉर्च धरून बघा. ऑइल पेंट लावणार असाल तर १८० ला थांबा. फार गुळगुळीत लाकडाला अस्तर नीट धरत नाही. पॉलिशला २२० पर्यंत जा.

गजाजवळ आणि कोपऱ्यांत ठोकळा जात नाही. तिथे पटाशी उभी धरून खरवडा, किंवा जुने सुतार करतात तसा काचेच्या तुटक्या तुकड्याची धार वापरा, मोजे घालून.

बाहेरच्या अंगाला हात पुरत नाही म्हणून फळीवर बसून पाय बाहेर सोडू नका, ग्रिल असलं तरी. जुन्या ग्रिलचे स्क्रू त्याच कुजलेल्या लाकडात बसलेले असतात.

कुजकं लाकूड आणि काळे डाग

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फळीवर जागोजागी दाबा. पाच मिलिमीटरपेक्षा आत गेलं तर लाकूड कुजलंय. ते पटाशीने कोरा, घट्ट लाकूड लागेपर्यंत. इथे हात आखडता घेऊ नका. मऊ लाकूड मागे ठेवून वर भरलेली पुट्टी सहा महिन्यांत टपली मारली की निघते. कोरलेल्या जागी वाळवी-प्रतिबंधक ब्रशने दोनदा पाजा आणि पूर्ण वाळू द्या. खड्डा अंगठ्याएवढा असेल तर इपॉक्सी पुट्टी भरा. त्याहून मोठा असेल तर सागवानाचाच तुकडा, रेषा त्याच दिशेने ठेवून, पाण्यात टिकणाऱ्या मरीन फेविकॉलने बसवा आणि दिवसभर दाबून ठेवा. फळीची एक तृतीयांशाहून जास्त लांबी कुजली असेल तर सुताराला बोलवा, ते एकट्याचं काम नाही.

भिंतीवर लावायची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी किंवा पीओपी लाकडावर भरू नका. घरात उरलेली असते म्हणून सर्रास वापरतात. लाकूड पावसात फुगलं की ती पापडासारखी सुटते.

गजाच्या बुडाचा गंज खिळ्याने कोरून काढा, गजाला खालचे दोन इंच रेड ऑक्साइड लावा, वाळल्यावर भोवतीच्या फटीत इपॉक्सी पुट्टी दाबून भरा आणि ओल्या बोटाने तिला गजाभोवती छोट्या उंचवट्याचा आकार द्या. पाणी गजावरून उतरलं की बाहेर वळलं पाहिजे.

लोखंडामुळे पडलेले निळे-काळे डाग घासून जात नाहीत. सागवानातल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन ते खोल उतरलेले असतात. ऑइल पेंट लावायचा असेल तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. लाकूड उघडं ठेवायचं तर एक लिटर कोमट पाण्यात साधारण ८० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने लावा, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुवा. हे विषारी आहे. अर्धवट धुतलेली फळी वाळवून घासली तर त्याची धूळ नाकात जाते, म्हणून धुण्यात कसूर नको. नंतर दोन दिवस वाळू द्या आणि २२० चा हलका हात मारा.

कुठला रंग, कुठलं पॉलिश

बाहेरच्या अंगाला ऑइल पेंटच. त्यातलं रंगद्रव्य उन्हाला अडवतं. पारदर्शक पॉलिशमधून ऊन थेट लाकडापर्यंत पोचतं, वरचा थर करडा पडतो आणि पॉलिश त्याच्यासकट निघतं. पश्चिमेच्या खिडकीला, जिथे दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही लागतात, हे दोन वर्षांत होतं. लाकूड दिसायलाच हवं असा हट्ट असेल तर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) घ्या आणि दर दोन वर्षांनी एक हात द्यायची तयारी ठेवा. मेलामाइन पॉलिश फक्त घरातल्या फर्निचरसाठी. लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यात देखणं, पण पाण्याचा थेंब राहिला की पांढरं पडतं, खिडकीला नकोच. जवसाचं तेल परदेशी व्हिडिओंत फार आवडीने लावतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते.

ऑइल पेंटचा क्रम असा. लाकडाच्या अस्तरात दहा टक्के टर्पेंटाइन मिसळून पहिला हात, रात्रभर वाळू द्या. फळीची टोकं आणि खालचा अंग विसरू नका. टोकाकडून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, तिथे अस्तर दोनदा. मग बारीक खड्ड्यांना लांबी लावा. लांबी अस्तरानंतरच, उघड्या लाकडाने तिच्यातलं तेल शोषून घेतलं तर ती भुरभुरते. वाळल्यावर १८० ने घासा, लांबीच्या जागी पुन्हा अस्तराचा ठिपका, मग पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र आणि २२० चा हलका पेपर. जाड एक हात वरून वाळतो, आतून चिकट राहतो आणि सुरकुततो.

पीयू दोन डब्यांत येतं. डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि एका हाताला लागेल तेवढंच. मिसळलेलं काही तासांत घट्ट होतं. सागवान तेलकट असतं म्हणून आधी पीयूच्याच थिनरने पुसून घ्या. एक हात सीलर (पॉलिशखालचा पहिला थर), घासणी, दोन हात वरचे. घरात फवाऱ्याने मारू नका, ब्रशनेच लावा. मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही, म्हणून पंखा बाहेरच्या दिशेने लावा. जुन्या ऑइल पेंटवर पीयू मारलं तर खालचा रंग उकलून सुरकुत्या पडतात. ऑइल पेंटला टर्पेंटाइन आणि पीयूला त्याचं थिनर, हे उलटं झालं की डब्यातच गुठळ्या होतात.

ब्रश सकाळी दहाच्या सुमारास हातात घ्या आणि दुपारी एकपर्यंत खाली ठेवा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा धूळ आणतो आणि संध्याकाळचा दमटपणा ओल्या रंगावर बसला तर चमक मरते. नवा ब्रश तळहातावर आपटून सुटे केस झटका, जुना रंग मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या.

भिंत आणि फळीमधली फट सगळ्यात शेवटी, रंगवता येईल अशा अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू सीलंटने भरा. सिलिकॉन नको. त्यावर रंग चढत नाही आणि त्याचा अंश लाकडावर राहिला तर पुढच्या वेळी रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

पहिले चोवीस तास पल्ले घट्ट लावू नका, चौकटीला चिकटतात. रात्री लावणं भागच असेल तर दोन्हींमध्ये मेणकागदाची पट्टी ठेवा. कुंड्या आठवड्यानंतरच ठेवा. तेलाची किंवा टर्पेंटाइनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेलकट फडक्यांचा गोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ती दोरीवर पसरून वाळवा, मग कचऱ्यात टाका.

पुढे दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गजांची बुडं, टोकं आणि भिंतीची फट एवढं तपासा. चीर दिसली तर तेवढ्याच जागी २२० चा पेपर, अस्तराचा ठिपका आणि पेंटचा एक हात द्या, म्हणजे पुढची चार-पाच वर्षं सगळी फळी खरवडावी लागत नाही. उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आत हवा राहिली नाही तर साय धरत नाही, आणि बाटलीवर रंगाचा नंबर लिहून ठेवा.